मावशीच्या वाटची गाजरं

माझी तब्येत आज जी काही ठणठणीत आहे, ती मावशीच्या लबाडीमुळे. जवळजवळ वर्षभर तिच्या वाटची गाजरं, काकड्या, मुळे, सफरचंदाच्या फोडी आणि भाजलेल्या बिया मी खाल्ल्या. माझे केस गळायचे थांबले, पोट वेळेवर साफ व्हायला लागलं, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. मावशीच्या रक्तातली साखर मात्र चढत गेली. पथ्य एकीचं आणि गुण दुसरीला, असा सगळा कारभार.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. बाजारातल्या एका दुकानात पडदे शिवते. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "सवड झाली नाही" म्हणते आणि विषय संपवते. मला या शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, तेव्हापासून मी तिच्या दोन खोल्यांत राहते. एका खोलीत आम्ही दोघी झोपतो, दुसरीत तिचं शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कापडाचे गठ्ठे. लोकांच्या घरांना देखणे पडदे शिवणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या खिडकीतला पडदा अजून खालून शिवलेला नाही. मी आले तेव्हा त्याला टाचण्या होत्या, आजही आहेत. स्वतःचं काम म्हटलं की तिला सवड नसते, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

तिची कामाची एक रीत आहे. पडदा चुण्या घालून तयार झाला की तो गिऱ्हाइकाच्या खिडकीला टांगायचा, पण खालची पट्टी नुसती टाचून ठेवायची. मग काही दिवसांनी परत जायचं. कापड आपल्याच वजनाने खाली उतरतं. एखादं बोटभर उतरतं, एखादं त्याहून जास्त. ते उतरून झालं की जमिनीपासून माप घ्यायचं आणि मगच पट्टी शिवायची. गिऱ्हाईक वैतागतं, दुकानाचा मालकही वैतागतो, कारण बाकीचे लोक एका फेरीत काम उरकतात. मावशी ढिम्म हलत नाही. "शिवलेला पडदा वेगळा आणि बसलेला पडदा वेगळा," म्हणते. "बसेपर्यंत मी येणार. दार उघडलं नाही तरी येणार."

या कामात दात हा तिचा तिसरा हात होता. ओठांत टाचण्या आणि दातांत दोरा. गळ्यात कात्री लटकत असायची, पण ती शोभेला. दोरा तोडायचा तो दातांनीच. समोरच्या दाताला त्यामुळे बारीकशी खाच पडली होती आणि मावशीला तिचा चक्क अभिमान होता. "दोरा आपला आपण तिथे जाऊन बसतो बघ," असं म्हणून ती मला दात विचकून दाखवायची.

आणि खाणं! शनिवारी दुकान लवकर बंद व्हायचं. मग मावशी, कापड कापणारी, इस्त्रीवाली आणि गल्ल्यावर बसणारी अशा चौघी मिळून जेवायला बाहेर पडायच्या. दुकानामागचा रस्ता म्हणजे नुसती हॉटेलं, शेवटपर्यंत. कुठे वाफेवरचं, कुठे निखाऱ्यावरचं, कुठे नुसती सूपं, कुठे भाज्या तुमच्यासमोर कापून देणारे. हॉटेलात शिरल्या शिरल्या मावशी आधी पडदे बघायची, मग टेबल निवडायची. पडदे मळके असतील तर सरळ बाहेर. तळलेल्या पदार्थांचं तिला फारसं कौतुक नव्हतं. तिला ताजं, कच्चं, करकरीत हवं असायचं. "खाताना आवाज आला पाहिजे," हा तिचा निकष. सफरचंद ती रस्त्याने चालता चालता खायची आणि शेवटी हातात फक्त देठ उरायचा. हसायचीही तशीच, डोकं मागे टाकून, सगळे दात दाखवत. आसपासच्या टेबलांवरचे लोक वळून बघायचे.

मग तिच्या हिरड्या सुजायला लागल्या. दात हलायला लागले. तिने नेहमीप्रमाणे सवड काढली नाही आणि सवड काढली तेव्हा वाचवण्यासारखं फार काही राहिलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे दात काढले, जखमा भरू दिल्या आणि वरची-खालची कवळी बसवली. तेवढे दिवस मावशीने आजारपणाची रजा घेतली आणि सगळ्यांना "पोटाचं काहीतरी" म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आठवड्याने या. टोचेल तिथे घासून देईन. हिरड्या अजून खाली बसतील, मग कवळी सैल होईल, तेव्हा परत या. दोन-तीन फेऱ्या होणारच."

मावशी एकदाही गेली नाही. दवाखाना पडद्याच्या दुकानाच्या अगदी समोर, त्याला काचेचं दार आणि दारावर हा एवढा मोठा दात रंगवलेला. "सगळा बाजार बघेल," ती म्हणाली. मी म्हटलं, "बघेना का! दातांसाठी जाणारी तू काय पहिली आहेस?" तर मला म्हणाली, "तुला काय कळतंय? तुझे आहेत अजून जागेवर."

आमच्या घरात त्या वस्तूला नाव नव्हतं. म्हणजे मावशीने 'पाहुणी' असं नाव ठेवलं होतं. पाहुणी रात्री पेल्यात झोपायची, सकाळी उठायची. 'कवळी' हा शब्द घरात बंद. तेवढ्याने भागलं असतं तर बरं होतं, पण आपल्या बोलण्यात दात कुठे कुठे दडलेले असतात, हे मला तेव्हा कळलं. मी माझ्या दुकानाच्या मालकाबद्दल म्हणाले, "दातओठ खात होता नुसता," की मावशीचा चेहरा पडायचा. "मी त्याच्यापाशी दातांच्या कण्या केल्या," म्हटलं की ती उठून आत जायची. हत्तीची म्हण तर मी मनातल्या मनातच म्हणायचे, कारण मावशीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी होती. तिचे ते दाखवायचे दात होते. खायचे नव्हतेच.

एकदा बाजारात ती भाजीवाल्याला म्हणाली, "शेंगा नाजूक आहेत का?" तो बघतच राहिला. "नाजूक म्हणजे?" मावशी लालबुंद. मी मागून म्हटलं, "कवळ्या आहेत का, असं विचारतेय ती." घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. जन्मभर 'कवळी भेंडी', 'कवळी काकडी' म्हणत आलेली बाई, आता भाज्यांनासुद्धा तो शब्द लावीना.

मला राग यायचा, खरंच यायचा. दिवसभर मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवते. डोळे अधू झाले म्हणून कुणी तोंड लपवत नाही. उलट आरशासमोर मान वाकडी करून "या फ्रेममध्ये तरुण दिसतो ना?" म्हणून मलाच विचारतात. चष्मा सैल झाला तर दुकानात येऊन सगळ्यांदेखत काड्या वाकवून घेतात. मग दातांनीच कुणाचं काय घोडं मारलंय?

पण मावशीच्या घाबरण्यालाही कारण होतं. नवे दात बसवून झाल्यावर ती पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर जेवायला गेली, तेव्हा पावाच्या कडक कडेवर खालची पाहुणी उचकटली. मावशीने तोंड पुसायचं निमित्त करून ती कागदी नॅपकिनमध्ये घेतली आणि ताटाशेजारी ठेवली. तेवढ्यात वेटरने वापरलेले नॅपकिन गोळा केले. मावशीने झटकन त्याचं मनगट पकडलं. त्याला वाटलं, बाई ताट उचलू देत नाहीत. मैत्रिणींना वाटलं, बाई भांडायला उठल्या. मावशीला तोंड उघडून खुलासा करायची सोयच नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. नॅपकिन मुठीत धरून ती तशीच बाहेर पडली, आणि तिथून शनिवारचं जेवण बंद झालं. "डोकं दुखतंय", "भाची एकटी आहे", "काम राहिलंय". थोड्या दिवसांनी त्या तिघींनी विचारणंही सोडलं. मावशी चिडलीय आपल्यावर, असं त्या धरून चालल्या.

घरात ती काय खायची? चहात बुडवलेला पाव, बिस्किटं, मऊ भात, पिकलेली केळी. जे जे गिळता येतं ते ते. मी गाजर किसून दिलं तर म्हणाली, "किसलेलं गाजर म्हणजे गाजर नव्हे. त्याचा भुसा." साखर वाढली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय खाता?" मावशी म्हणाली, "कच्च्या भाज्या, फळं सालासकट, सगळं तुम्ही सांगता तसंच." डॉक्टर बुचकळ्यात पडले आणि त्यांनी गोळी वाढवली. दवाखान्यातून उतरताना जिन्यातच मी तिला म्हटलं, "तुझी साखर गोडाने नाही वाढलेली, लाजेने वाढलीय." ती म्हणाली, "हळू बोल."

आता दिवेवाल्यांबद्दल सांगते. पडद्यांच्या दुकानाला लागूनच दिव्यांचं दुकान आहे. छताचे, भिंतीचे, टेबलावरचे, सगळ्या तऱ्हेचे दिवे. मालक दुकानात एकटेच असतात, त्यांना सगळे दिवेवालेच म्हणतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मध्ये हृदयाने एकदा दम दिला, तेव्हापासून ते खाण्याच्या बाबतीत सुधारले, आणि सुधारलेला माणूस जसा इतरांना सुधारू पाहतो तसे तेही. गिऱ्हाइकाला दिवा दाखवता दाखवता मोड आलेल्या कडधान्यांचे फायदे सांगत. स्वतः संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर उभं राहून गाजर खात, अगदी कडाकडा आवाज करत. मावशी आतून तो आवाज ऐकायची आणि सुई थांबवायची, असं इस्त्रीवाली नंतर मला म्हणाली.

सगळ्या बाजाराच्या तोंडी मावशी म्हणजे 'पडदेताई'. दिवेवाले मात्र तिला ताई म्हणत नसत. नुसतं "अहो" म्हणत. त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

त्यांनी तिला जेवायला चला म्हणून विचारलं. जवळच एक नवं हॉटेल निघालं होतं, सगळं ताजं, सगळं समोर कापून देणारं. मावशी म्हणाली, पोट बरं नाही. पुन्हा विचारलं, तर काम आहे. पुन्हा विचारलं, तर भाची आजारी आहे. त्याच दिवशी नेमके ते माझ्या दुकानात चष्म्याचा नंबर तपासायला आले आणि ही आजारी भाची काउंटरमागे धडधाकट उभी. काही वेळ ते भिंतीवरच्या फ्रेमा बघत राहिले. मग म्हणाले, "मी स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुमच्या मावशींना मी नकोसा वाटत असेन तर सांगून टाका. या शनिवारी शेवटचं विचारतो. नाही म्हणाल्या तर पुन्हा या वयात शोभा करून घेणार नाही."

मी रात्री मावशीला सगळं सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबला. म्हणाली, "नकोसे कुठले? चांगले आहेत." आणि मग, "त्यांच्यासमोर ती निसटली तर मी काय करू गं?" ती रडत होती. मावशीला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. माझा सगळा राग तिथेच गळून पडला.

"सांगून टाक ना," मी म्हटलं.

"नाही."

"मग डॉक्टरीणबाईंकडे जा."

"नाही. तू बरोबर चल."

अशी मी त्या जेवणात शिरले. बेत साधा होता. मावशी सूप पिणार. बाकी जे ताटात येईल ते हळूहळू माझ्या ताटात सरकणार, आणि मी ते खाणार. हे आम्हाला नवं नव्हतं. वर्षभर मालकाकडच्या पार्ट्यांत, नातेवाइकांकडे, जिथे जिथे जेवायला जावं लागलं तिथे आम्ही हेच करत आलो होतो. माझा हात त्यात इतका बसला होता की मावशीशेजारी बसलं की तो आपोआप तिच्या ताटाकडे वळायचा.

हॉटेल छान होतं. मोठाल्या काचा, कुंड्या, स्वच्छ टेबलं. मावशीने आत पाऊल टाकताच वर बघितलं आणि पुटपुटली, "पडदेच नाहीत." दिवेवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि त्यांनी छतावरच्या दिव्यांकडे बघून तोंड वाकडं केलं होतं. दोघांचं तिथे जमलं. गप्पा सुरू झाल्या. मावशी सूप पीत, तोंडासमोर रुमाल धरून हसत होती.

मग ताट आलं. दिवेवाल्यांनी न विचारता सगळ्यांत मिळून एक मोठं मागवलं होतं. गाजराच्या लांब कांड्या, मुळ्याच्या चकत्या, काकडी, सफरचंद, उकडलेल्या शेंगा, बियांचा पाव. त्यांनी स्वतः मावशीला वाढलं. ते चटणीच्या वाटीकडे वळले की मी मावशीचं गाजर उचलायची. ते वेटरला हाक मारायला वळले की मुळा. बेत उत्तम चालला होता, फक्त एक गोष्ट आम्ही धरली नव्हती. मावशीचं ताट रिकामं दिसलं की दिवेवाल्यांचा चेहरा फुलायचा.

"आवडलं वाटतं! घ्या ना, अजून घ्या."

ते वाढायचे, मी खायची. ते पुन्हा वाढायचे. "बघा, लोक म्हणतात कच्चं खाववत नाही. तुम्ही तर माझ्याही पुढे गेलात!" माझे जबडे दुखायला लागले. गालात गाजर, घशात मुळा, आणि मावशी टेबलाखालून पायाने मला ढोसत होती, लवकर, लवकर. मी तिच्याकडे बघितलं ते असं की बाई, आता तूच काय ते बघ.

ताटातली काकडी संपली. दिवेवाल्यांनी वाढणाऱ्या मुलीला खूण केली. ती आली आणि मावशीच्या खांद्यामागे उभी राहिली. दिवेवाल्यांनी तिच्याकडे, म्हणजे मावशीच्याच दिशेने बघितलं आणि आपल्या खणखणीत आवाजात विचारलं,

"कवळी आहे ना?"

मावशीचा चमचा वाटीत पडला. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. एक क्षण वाटलं, हिची दातखिळी बसली. पण मग तिने रुमाल टेबलावर ठेवला, मान वर केली आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं,

"आहे. वरची पण आहे आणि खालची पण आहे. झालं समाधान?"

मागून ती मुलगी भीत भीत म्हणाली, "मावशी, काकडीचं विचारताहेत ते. अगदी कवळी आहे, सकाळीच आलीय."

मला काही बोलता येईना. माझ्या तोंडात मावशीचं गाजर होतं.

"कुठली वरची?" दिवेवाले अजून काकडीवरच होते. त्यांनी छताकडे बघितलं. मग मावशीकडे. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

मावशी उठलीच होती. पर्स खांद्याला. "माझे सगळे दात काढलेत," ती उभ्या उभ्या म्हणाली. आता सुरुवात झालीच होती तर ती थांबेना. "ही कवळी टोचते. सैल आहे. मला गाजर खाता येत नाही, पावाची कडसुद्धा खाता येत नाही. इतका वेळ मी काही खाल्लेलं नाही, या पोरीने खाल्लंय सगळं. म्हणून मी येत नव्हते तुमच्याबरोबर. आता कळलं ना? चल गं."

मी उठले नाही. उठवतच नव्हतं, इतकं पोट भरलं होतं.

दिवेवाल्यांनी हातातला काटा खाली ठेवला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझ्याबद्दल काही नव्हतं ना त्यात?"

"तुमच्याबद्दल काय असणार?"

"मला वाटलं, मी वास मारतो की काय."

मावशीला हसू आलं. तिचा हात तोंडाकडे गेला, पण रुमाल टेबलावर होता.

"मग बसा ना," दिवेवाले म्हणाले. "बसा अहो. कुठे टोचते?"

"खाली. डाव्या बाजूला," मावशी बसता बसता म्हणाली, आणि कुणीतरी तिला ते इतक्या सरळपणे विचारलं, याचंच तिला इतकं नवल वाटलं की ती सगळं सांगत सुटली. हिरड्या बसल्या, डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलं होतं, दवाखाना समोर आहे, काचेचं दार आहे, सगळा बाजार बघतो.

दिवेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं. आता हा माणूस गोड काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. पण ते चिडले.

"माझ्या दुकानाला तुम्ही पडदा केलात, आठवतं? बोटभर लांब होता. मी म्हटलं राहू द्या, कोण बघतंय. तुम्ही परत आलात. तरी बसेना, म्हणून पुन्हा आलात. मी गिऱ्हाइकांत होतो, तुम्ही सगळ्यांसमोर जमिनीवर गुडघे टेकून माप घेत बसलात. आपण टांगून ठेवलेलं कापड बसेपर्यंत यायचं असतं, हे मला कुणी शिकवलं? एका बोटासाठी माझ्या दारात इतके हेलपाटे घातलेत, आणि स्वतःच्या तोंडासाठी समोरचा रस्ता ओलांडवत नाही तुम्हाला?"

इतके दिवस मी जे बोलून बोलून थकले, ते मला कधी या वाटेने सुचलं नव्हतं. आमच्या खिडकीतल्या टाचण्या रोज बघूनसुद्धा.

"चणे आहेत तर दात नाहीत," ती शेवटी पुटपुटली. वर्षभरात तिच्या तोंडून आलेली दाताची ती पहिली म्हण.

"आहेत की दात," दिवेवाले म्हणाले. "बसलेले नाहीत, एवढंच."

काकडी आली. त्यांनी तिची एक चकती अगदी पातळ, कागदासारखी कापली आणि मावशीच्या ताटात ठेवली. माझा हात निघाला होता, मी तो आवरला. मावशीने चकती तोंडात टाकली आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू चावली, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तशी. खूप वेळ लागला. ती गिळेपर्यंत आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, आणि तिने आम्हाला बघू दिलं.

पुढच्या कामाच्या दिवशी, भर गर्दीच्या वेळी, मावशीने मशीन थांबवलं आणि गल्ल्यावरच्या बाईला सांगितलं, "समोर जाऊन येते. कवळी घासून घ्यायचीय." हे मला त्या तिघींनी सांगितलं. त्या आ वासून बघत राहिल्या. मग कापड कापणारी म्हणाली, "मला केव्हाचं माहीत होतं. ही दोरा कात्रीने तोडायला लागली तेव्हाच." इस्त्रीवाली तिच्यावर खेकसली, "मग आम्हाला सांगायचं नाही? आम्ही उगाच वर्षभर तोंड फुगवून बसलो!" डॉक्टरीणबाईंनी मावशीला चांगलंच फैलावर घेतलं, टोचत होतं तिथे घासलं, सैल होतं तिथे आतून भरलं आणि परत यायला सांगितलं. मावशी परत गेली. नंतरही गेली. आता काचेच्या दारातून बाजाराला हात करते.

सगळं एकदम झालं नाही. आधी वाफवलेलं, मग पातळ कापलेलं, मग जाड. सफरचंदाला अजून दात लावत नाही, सुरीने कापून घेते, आणि कापताना तोंडातल्या तोंडात शिव्या देते. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी परत कमी केली आणि हे आपल्या औषधामुळे झालं असं समजून ते खूश आहेत. मावशीने त्यांनाही खरं सांगितलंय, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नाहीत.

परवाच्या शनिवारी आम्ही सगळे त्याच हॉटेलात गेलो. त्या तिघी, दिवेवाले, मावशी आणि मी. ती वाढणारी मुलगी आली. मावशीने खुर्चीत मागे रेलून, शेजारच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं, कवळी आहे ना?"

"तुमची की काकडी?" मुलगी म्हणाली.

मावशी डोकं मागे टाकून हसली. सगळे दात दिसले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. दिवेवालेही बघत होते, आणि मला एकदम भरून आलं. हे हसणं परत ऐकायला मिळेल, असं मला मध्यंतरी वाटेनासं झालं होतं.

ताट आलं. बोलण्याच्या नादात माझा हात सवयीने मावशीच्या ताटाकडे गेला आणि मी तिची गाजराची कांडी उचलली.

मावशीने माझ्या हातावर फट्‌कन चापट मारली.

"ठेव," ती म्हणाली. "ते माझ्या वाटचं आहे."